एक शब्द, दोन घरे

उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईला दोन्हीकडे खुलासा द्यावा लागतो. मोहल्ल्यातले पालक विचारतात, "टीचर, बच्चे तो उर्दू पढ रहे, मराठी का इत्ता बोजा कायकू?" आणि प्रशिक्षण वर्गाला गेले की शेजारी बसलेली एखादी बाई मनापासून कौतुक करते, "बोलण्यावरून तुम्ही मुसलमान वाटतच नाही हो!"

पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे. सातबारा मराठीत, तलाठ्याचा दाखला मराठीत, पोलीस भरतीचा पेपर मराठीत, एसटीची पाटी मराठीत. २०२० साली राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा झाला. आमच्या शाळांना त्यात नवे काही नव्हते. उर्दू शाळांतली मुले आधीपासूनच मराठी शिकत आली आहेत. दुसऱ्या वाक्यावर मात्र मी फक्त हसते. ते वाक्य प्रश्न नसतेच, त्यामुळे त्याला उत्तरही देता येत नाही. त्याचे उत्तर मला मिळाले ते वर्तमानपत्राच्या शब्दकोड्यात, आणि तेही वर्गातल्या मुलांना कोडे समजावून सांगता सांगता. म्हणून हा लेख कोड्याविषयी आहे.

कोड्याची आवड माझ्या घरात अब्बांपासून. ते सुताच्या पेढीवर हिशेब लिहीत. शिक्षण उर्दूत सातवीपर्यंत. पुढची मराठी त्यांना पेढीच्या वह्यांनी आणि वर्तमानपत्राने शिकवली. दुपारी जेवणाच्या सुटीत ते पेन्सिलीने शब्दकोडे भरत. अडले की समोरच्या किराणा दुकानदाराला हाक मारत, "अहो शेटजी, 'नदीचा काठ', दोन अक्षरी, शेवटी 'र' आहे, काय असेल?" शेटजी गिऱ्हाईक सोडून विचार करायला लागत. 'तीर' सापडला की दोघांनाही आनंद. मराठी बोलीभाषा अब्बांना येतच होती. 'तीर' उर्दूत बाण असतो आणि मराठीत नदीचा काठ, हे मात्र त्यांना त्या चौकोनांनी सांगितले. संध्याकाळी घरी आल्यावर ते आम्हा भावंडांना असा एखादा शब्द सुपारीसारखा हातावर ठेवत.

त्याही आधी घरात उर्दू मुअम्मा होता. दिल्लीहून निघणाऱ्या 'शमा' मासिकाचा 'अदबी मुअम्मा' तेव्हा उर्दू वाचणाऱ्या घराघरांत माहीत होता. अब्बा तरुणपणी तो भरून पाठवत. दादीला ते पसंत नव्हते. तिचे म्हणणे, पैसे भरून बक्षिसाची वाट पाहायची तो जुगारच. तिच्या बोलण्यात तथ्य होते, हे मला पुढे एका न्यायालयीन निकालावरून कळले. बंगलोरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' नावाच्या पत्रात बक्षिसाची कोडी येत आणि मुंबई राज्यातून त्यांच्या प्रवेशिका मोठ्या प्रमाणावर जात. चमारबागवाला यांचा तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५७ साली न्यायालयाने या स्पर्धांना जुगाराच्या स्वरूपाचे ठरवले. कारण साधे होते. अशा कोड्यात एकाच जागी दोन-तीन शब्द सारखेच योग्य बसतात. बक्षीस त्याला, ज्याचा शब्द संपादकाच्या बंद पाकिटातल्या शब्दाशी जुळेल. त्याच्या दोन वर्षे आधी, १९५५ साली, बक्षीस स्पर्धांवर मर्यादा घालणारा केंद्राचा कायदाही झाला होता.

दादीने निकाल वाचला नव्हता, पण मुद्दा तिने ओळखला होता. चांगल्या कोड्यात नशिबाला जागा नसते. आडव्या शब्दाविषयी शंका असेल तर उभा शब्द साक्ष देतो. दोन्हीकडून जुळले तरच अक्षर खरे. वर्तमानपत्रातले रोजचे कोडे असे असते, आणि बक्षीस म्हणून हाती काही येत नाही, म्हणून ते घरात चालून गेले.

या खेळाचे वय फार नाही. लिव्हरपूलहून अमेरिकेत गेलेल्या आर्थर विन नावाच्या पत्रकाराने २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीत पहिले शब्दकोडे छापले. त्याचा आकार पतंगासारखा होता. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने सुरुवातीला या नादाची थट्टा केली, आणि शेवटी १५ फेब्रुवारी १९४२ रोजी स्वतःच कोडे छापायला सुरुवात केली. तिकडे कोड्याला सूत्र देण्याची पद्धत चांगलीच रुजली. म्हणजे कोड्यातले चार-पाच मोठे शब्द एकाच धाग्यातले असतात आणि तो धागा कोणता, हे सोडवणाऱ्याने ओळखायचे. मग कोडे दोन वेळा सुटते. एकदा अक्षरे भरली की, आणि पुन्हा एकदा ही अक्षरे एकत्र का आली ते समजले की. शिक्षक म्हणून मला ही दुसरी वेळ जास्त महत्त्वाची वाटते.

आमच्या व्यवसायातल्या एका माणसाची गोष्ट या खेळाच्या इतिहासात आहे. लिओनार्ड डॉ हे इंग्लंडमधले मुख्याध्यापक 'डेली टेलिग्राफ'साठी कोडी रचत. १९४४ च्या मे महिन्यात त्यांच्या कोड्यांत 'यूटा', 'ओमाहा', 'ओव्हरलॉर्ड' अशी उत्तरे आली. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरण्याच्या गुप्त योजनेत हेच सांकेतिक शब्द होते. गुप्तहेर खात्याची माणसे चौकशीला आली. सरांनी काही फितुरी केली नव्हती, ते सुटले. १९८४ साली त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितले की सर कोऱ्या चौकटी मुलांना भरायला देत आणि नंतर त्या शब्दांच्या सूचना स्वतः लिहीत. जवळच्या छावणीतल्या सैनिकांकडून ऐकलेले शब्द मुलांनीच आत घातले होते. हे वाचल्यावर मला हेरगिरीपेक्षा त्यांची पद्धत आवडली. शब्द मुलांनी आणायचे, सूचना शिक्षकाने लिहायची. मी माझ्या वर्गात तेच सुरू केले.

सुरू केले तेव्हा पहिली अडचण लिपीची आली. उर्दू मुअम्म्यात एका घरात एक हर्फ बसतो आणि लिखाण उजवीकडून डावीकडे जाते. 'तालीम' लिहायला पाच घरे लागतात: ते, ऐन, लाम, ये, मीम. 'जमीन'ला चार: ज़े, मीम, ये, नून. दोन्हींतला मीम एकाच घरात सुखाने राहतो. मराठी कोड्यात घर मिळते ते पूर्ण अक्षराला, काना-मात्रा-वेलांटीसकट. ता-ली-म तीन घरे, ज-मी-न तीन घरे. पण 'तालीम'चा म आणि 'जमीन'मधला मी एका घरात राहू शकत नाहीत. जोडाक्षराला मात्र एकच घर पुरते. माझ्या मुलांना हे आधी विचित्र वाटले. एकजण म्हणाला, "टीचर, वेलांटी को अलग घर दे दो ना!" मी म्हटले, मराठीत वेलांटी अक्षराला सोडून राहत नाही, तिचे आणि अक्षराचे घर एकच. तेव्हापासून माझ्या वर्गातले वेलांटीचे घोळ थोडे कमी झाले. फळ्यावर दहा वेळा नियम लिहून जे झाले नव्हते, ते एका घराच्या भांडणाने झाले.

बी.एड.ला असताना 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे सूत्र आम्ही प्रत्येक पाठ-टाचणात लिहायचो. लिहायला सोपे आहे. उर्दू शाळेतल्या मुलाला मराठीतले ज्ञात काय, हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, मीही कोणाला विचारला नव्हता. तो कोड्यांमुळे पुढे आला. मुलांनी आणलेल्या शब्दांच्या चिठ्ठ्या मी घरी निवडायला बसले, तर निम्मे शब्द असे की ते मराठी म्हणावेत की उर्दू, हे ठरेना. मग मी त्यांचेच एक सूत्रबद्ध कोडे केले. सात घरे आडवी, सात घरे उभी, शब्द सात. ते इथे जसे सोडवले तसे सांगते.

पहिली सूचना 'दोन आडवा'ची: "मुले पाठीवर घेऊन शाळेत येतात. तीन अक्षरे." वर्ग एका आवाजात ओरडला, "बस्ता!" मी म्हटले, घरे मोजा. ब-स्ता, दोनच भरतात. तीन हवीत. कोणीतरी हळूच म्हणाले, "दप्तर?" बरोबर. द-प्त-र. उर्दूतला दफ्तर म्हणजे कचेरी. मराठीतही जुन्या कागदपत्रांना दप्तर म्हणतातच, पुण्यात पेशवे दप्तर आहे. तोच शब्द लहान होऊन मुलांच्या पाठीवर बसला. मग बस्त्याचे काय झाले? तो मराठीत लग्नघरी गेला. लग्नाचे कपडे खरेदी करायला निघतात तेव्हा 'बस्ता बांधायला' निघतात. मूळ फारसीत बस्ता म्हणजे बांधलेले. पुस्तके बांधा नाहीतर शालू बांधा.

'एक उभा': "ही सरली की वैद्य मेला तरी चालते. तीन अक्षरे." दप्तरातला र मधल्या घरात येतो. ग-र-ज. उर्दूत गरज म्हणजे मतलब, हेतू. खुदगर्ज म्हणजे स्वार्थी. मराठीत ती स्वार्थाच्या वासातून बरीच सुटली आणि साधी निकड झाली. गरजेचा शेवटचा ज धरून 'तीन आडवा': "कसायला हवी, राहायलाही हवी." ज-मी-न. तिच्या न पासून 'चार उभा': "भूगोलाच्या तासाला भिंतीवर टांगतात." मुलांनी न लिहिला, क्शा लिहिला, आणि खाली एक घर रिकामे राहिले. उर्दूत नक्शा, दोन अक्षरांत संपतो. मराठी जिभेने जोडाक्षर सोडवले: न-का-शा. रिकामे घर भरले.

शा वरून 'पाच आडवा': "डफावर थाप मारून पोवाडा गातो." शा-ही-र. इथे वर्ग थांबला. 'शायर' सगळ्यांना माहीत. 'शाहीर' पुस्तकात वाचलेला, चित्रात फेटा बांधलेला. हे दोघे एकच, अरबीतल्या एकाच शब्दाची लेकरे, हे कोणाच्या डोक्यात आले नव्हते. मराठीतला सगळ्यात रांगडा, सगळ्यात मातीतला वाटणारा शब्द अरबस्तानातून आला. मग मी त्यांना आमच्याच जिल्ह्यातल्या बार्शीचे अमर शेख सांगितले. १९१६ साली जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल. गिरणी कामगारांच्या आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभा त्यांच्या पहाडी आवाजाने भारून जात. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "टीचर, वो अपने में के थे?" मी म्हटले, "शाहीर होते. शाहीर सगळ्यांचा."

शेवटच्या र वरून 'सहा उभा': "बँकेच्या स्लिपवर अंकी आणि अक्षरी लिहितात." उर्दूत रकम, मराठीत क ला जोर देऊन रक्कम. र-क्क-म. आणि तिच्या म वर संपणारा 'सात आडवा': "इथे लाल मातीत शड्डू घुमतो. तीन अक्षरे." पोरांनी लगेच 'आखाडा' भरला. घरे तीन, अर्थ बरोबर, सगळे खूश. पण शेवटी 'डा' येतो आणि रक्कम म मागते. उभा शब्द साक्ष देत नाही. खोडा. खूप वेळ गेला. सुचेना, कारण जो शब्द रोज तोंडात आहे त्याचा अर्थ त्यांच्या डोक्यात पक्का होता: ता-ली-म. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत पहिलवानांची जागा, किंवा नाटकाचा सराव. मी म्हटले, तुम्ही आत्ता बसलात ती पण तालीमच. इथे शड्डू नाही, एवढाच फरक.

फळ्यावर सात शब्द झाले. मी विचारले, धागा कोणता? एका मुलीने सांगितले, "सब अपने लफ्ज हैं, मराठी के घर में रहते हैं." मी तिचे वाक्य दुरुस्त केले नाही. त्याला दुसरी बाजू आहे, ती दुसऱ्या दिवशी दाखवली. आपण घरात बोलतो ती दखनी 'मत'च्या जागी 'नक्को' म्हणते. 'मैंच आया', 'अब्बीच जाती' असे म्हणताना शेवटी जो 'च' लागतो, तो थेट मराठीतून आला. लखनौच्या माणसाला तो खटकतो. म्हणजे देणे-घेणे दोन्ही अंगांनी झाले आहे.

हे सगळे मजेत चालले होते. मग २७ फेब्रुवारी आला, मराठी भाषा गौरव दिन. एका वर्तमानपत्राने त्या दिवशी खास कोडे दिले. सूत्र 'अस्सल मराठी', आणि वर चौकटीत सूचना, की या कोड्यात एकही परकीय शब्द नाही. मी ते वर्गात नेले. कोडे चांगले होते, मुलांनी मन लावून सोडवले. सोडवून झाल्यावर आठवीतल्या एका मुलाने विचारले, "टीचर, परकीय मतलब?" मी सांगितले, बाहेरचा. तो फळ्याकडे बघत राहिला. फळ्याच्या कोपऱ्यात आदल्या दिवसाचे शब्द पुसायचे राहिले होते. तो म्हणाला, "मतलब कल के सब बाहर के?" त्याने एवढेच विचारले. पण तेरा वर्षांच्या मुलाने हा प्रश्न फक्त शब्दांपुरता विचारलेला नसतो, हे ओळखायला बी.एड. लागत नाही.

अशा वेळी भाषण करणे सोपे असते. मी भाषण केले नाही, कारण मुलांना भाषणे ओळखू येतात. मी आधी चौकटीतला पहिलाच शब्द दाखवला: अस्सल. अरबीतल्या 'अस्ल'चे हे मराठी रूप. परकीय शब्द नको म्हणणाऱ्याला त्यासाठी सुद्धा तोच शब्द लागला. वर्ग हसला. पण हसण्याने त्याच्या प्रश्नाचे उत्तर होत नव्हते. कोणी म्हणेल, चुकून राहिला एक शब्द, उद्या काढू. असे प्रयत्न जुने आहेत. शिवाजी महाराजांच्या काळातच 'राज्यव्यवहारकोश' झाला, त्यात कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. दुसऱ्या बाजूने, माधव जूलियन म्हणजे माधवराव पटवर्धनांनी १९२५ साली 'फारसी-मराठी कोश' सिद्ध केला, ते शब्द कुठून आले ते नोंदवून ठेवले. शब्द कुठून आला, हे कोश सांगतो. पण आता तो कोणाचा, हे कोणी सांगायचे?

मला वाटते, ते व्याकरणाने सांगायचे. आणि मराठीच्या व्याकरणाने ते आधीच सांगून ठेवले आहे. मी फळ्यावर दोन शब्द लिहिले. शरीर आणि शाहीर. दोन्हींत शेवटून दुसरी वेलांटी दीर्घ. आता 'ने' प्रत्यय लावा. शरीर-शरीराने. वेलांटी दीर्घच राहिली. शाहीर-शाहिराने. वेलांटी ऱ्हस्व झाली. का? शुद्धलेखनाचा नियम असा, की मराठी शब्दाला प्रत्यय लागला की त्यातली शेवटून दुसरी दीर्घ वेलांटी किंवा उकार ऱ्हस्व होतो. बहीण-बहिणीला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द त्याला अपवाद. त्यांचे रूप मोडायचे नाही. मग मुलांना वहीत लिहायला लावले: जमीन-जमिनीत, वकील-वकिलाला, मजकूर-मजकुरात, तालीम-तालमीत. तालमीत तर वेलांटी पार गळूनच गेली. बहिणीला जो नियम, तोच जमिनीला आणि तोच वकिलाला.

मी म्हटले, घरी पाहुणा येतो तेव्हा आपण त्याचे ताट वेगळे मांडतो, त्याच्या बसण्या-उठण्यात बदल करत नाही. घरच्या पोराला मात्र सांगतो, सरक जरा, वाक जरा, जागा दे. मराठीने संस्कृत शब्दांना पाहुण्याचा मान दिला, आणि तो योग्यच आहे. पण शाहिराला, वकिलाला, जमिनीला तिने घरच्या लेकरांसारखे वाकवले. ज्याला भाषा आपल्या नियमाने वाकवते, तो तिच्या घरचा. तो मुलगा वहीत लिहीत होता. तोंडाने काही बोलला नाही. पुढच्या आठवड्यात त्याने स्वतः शोधून 'जहागीर-जहागिरी' आणून दाखवले. माझ्या दृष्टीने तेच उत्तर होते.

प्रशिक्षण वर्गातल्या त्या बाईंनाही आता मी हेच सांगेन. मी मराठी 'असून' बोलत नाही. माझे घर आणि तिचे घर यांच्यामध्ये इतके शब्द ये-जा करतात की उंबरा कुठे आहे, हे दोघींनाही शोधावे लागेल.

कोड्याने सगळे सुटते असा माझा दावा नाही. दहावीतल्या एका मुलीमुळे मला याची मर्यादाही कळली. हुशार, गणितात पहिली, मराठीच्या तासाला मात्र मान खाली. एका धड्यात 'त्याने प्रयत्नांची शिकस्त केली' असे वाक्य आले. तिने वर्षात पहिल्यांदा हात वर केला. "टीचर, शिकस्त खाया तो तारीफ कायकू कर रहे?" उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव. फारसीतले मूळ क्रियापद मोडण्याचे, तुटण्याचे. मराठीत त्याचा अर्थ झाला प्रयत्नांची पराकाष्ठा, जणू माणूस मोडेपर्यंत केलेली मेहनत. मी तिला एवढे सांगितले आणि म्हटले, याची सूचना तू लिही. तिने लिहिली: "उर्दूत शेवट, मराठीत जोर. तीन अक्षरे." माझ्या सूचनेपेक्षा ती चांगली होती.

आमच्या गावात उर्दू ज्युनिअर कॉलेज नाही. दहावीनंतर मुलगे शहरात जातात, मुली बहुधा घरी बसतात. तिची अम्मी निकालानंतर भेटायला आली. "टीचर, यहाँ का कॉलेज तो मराठी का. पोरी को क्या समजेगा? नक्को बोल रहे इसके अब्बा." मी म्हटले, "आपा, तुम्ही आत्ता जे 'नक्को' म्हणालात ते मराठीच आहे." त्या हसल्या, पण हसून प्रवेश होत नाही. तीन वेळा घरी गेले. तिच्या अब्बांशी बोलले. मुलगी म्हणाली, एक वर्ष पाहते. शेवटी कला शाखेत नाव घातले.

दिवाळीच्या सुटीत ती वही घेऊन आली. वहीत शब्दांची यादी: उपभोग, उत्पन्न, सीमान्त उपयोगिता, सार्वभौमत्व, अभिव्यक्ती. ती म्हणाली, "टीचर, इसमें अपना एक बी नहीं." खरे होते. न्यायालय-बाजार-शेतीच्या मराठीत आपल्याला ओळखीचे चेहरे भेटतात. महाविद्यालयाच्या पुस्तकात मराठी संस्कृतकडे झुकते आणि तिथे ज्ञात काही उरत नाही. 'दप्तर' आणि 'तालीम' हे दार होते. दाराच्या आत खोल्या पुष्कळ आहेत.

मग आम्ही दुसऱ्या प्रकारचे कोडे सुरू केले. 'उप', 'अभि', 'सार्व' हे तुकडे वेगळे काढायचे, त्यांच्याभोवती शब्द गुंफायचे. उपभोगातला 'उप' उपयोगात, उपनगरात, उपवासात. उपवास तिला माहीत होता, शेजारच्या काकूंचा गुरुवारचा. तिथून एक घर भरले. बाकीची घरे अजून बरीच रिकामी आहेत. पहिल्या सत्रात अर्थशास्त्रात तिला पास होण्यापुरते गुण पडले, मराठीत त्याहून थोडे जास्त. पुढच्या वर्षाचे तिच्या अब्बांनी अजून नक्की सांगितलेले नाही. मी त्यांना कळवले आहे की रविवारी येते. मुलगी तोवर दहा शब्द सोडवून ठेवणार आहे.